चार तासांचं वनस्पती उद्यान

एका जानेवारीत, सकाळी दहा ते दुपारी दोन, माझ्या अम्मीची परसबाग हे एका कॉलेजचं वनस्पती उद्यान होतं. दोन वाजल्यानंतर ती पुन्हा परसबाग झाली आणि अम्मीने तिथे धुणं वाळत घातलं.

गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडची, शिरूरची. आम्ही बागवान. आजोबांपासून भाजीचा धंदा. अब्बा पहाटे लिलावाला जायचे, सात वाजता गाळ्यावर माल लावायचे आणि दुपारी जेवायला घरी यायचे. (घरात आम्ही जे बोलायचो ते निम्मं मराठी आणि निम्मं दखनी असायचं. इथे सोयीसाठी सगळं मराठीतच सांगते.) मी कॉलेजात एस. वाय. बी.एस्सी.ला होते, विषय बॉटनी. भाजीवाल्याची पोर बॉटनी शिकते म्हटल्यावर अख्ख्या आळीला वाटायचं, ही घरचाच धंदा इंग्रजीत शिकतेय!

आमच्या कॉलेजचं आणि पुण्यातल्या विद्यापीठाचं नातं सून आणि सासूचं होतं. सून शिरूरला राबायची, सासू पुण्यात बसून निकाल लावायची. वर्षाकाठी केव्हातरी सासूकडून माणसं यायची, घर तपासायची, फडताळं उघडून बघायची, चहा घ्यायची आणि काही न बोलता निघून जायची. मला त्या सासूबद्दल भयंकर कुतूहल होतं. माझ्या मार्कशीटवर ज्या साहेबांची सही होती ते साहेब दिसत कसे असतील? सही करताना ते नावं वाचत असतील का? 'ही शिरूरची कोण बागवान?' असं एकदा तरी त्यांच्या मनात आलं असेल का? मैत्रिणींना विचारलं तर त्या म्हणाल्या, तो शिक्का असतो. मला ते पटलं नव्हतं.

आता अडचण अशी, की कॉलेजात बॉटनी एस. वाय.पर्यंतच होती. टी. वाय.ला पुणं गाठायला हवं. आणि अब्बांचं धोरण पक्कं होतं.

"शिरूरात हाय तवर शीक. पाहिजे तेवढं शीक. पन रोज पुण्याला जाणं-येणं न्हाई."

त्यात दौंडच्या खालाने, म्हणजे मावशीने, रेल्वेतला एक मुलगा बघून ठेवला होता. दर आठवड्याला एसटीडी बूथवरून तिचा फोन शेजाऱ्यांकडे यायचा, "पोरगी कवा मोकळी हुती?" (जणू मी भाड्याची खोली होते आणि भाडेकरू सामान घेऊन दारात उभा होता.)

अशात बातमी आली, की टी. वाय.चा वर्ग शिरूरलाच सुरू करायला कॉलेजने अर्ज केलाय आणि पाहणीसाठी विद्यापीठाची समिती येतेय. समितीने होय म्हटलं तर मी बी.एस्सी. होणार, नाही म्हटलं तर दौंडला जाणार. इतका साधा हिशोब होता.

आमचे बॉटनीचे गायकवाड सर भला माणूस. त्यांनी कॉलेजच्या मागे स्वतःच्या हाताने वाफे करून वनस्पती उद्यान लावलं होतं, कारण नव्या वर्गासाठी ते लागतंच. समिती यायच्या चार दिवस आधी कंपाउंडच्या बांधकामासाठी वाळूचा ट्रक आला आणि ड्रायव्हरने बरोब्बर त्या वाफ्यांवर ट्रक रिकामा केला! मी गेले तेव्हा सर त्या ढिगाऱ्याकडे बघत उभे होते.

"सर, काय झालं?"

"याच्या खाली सत्तावीस वनस्पती आहेत," सर म्हणाले.

तेव्हा मी तोंड उघडलं. सगळ्या गोंधळाचं मूळ मी, हे आधीच कबूल करते.

"सर, आमचं घर कॉलेजच्या मागच्या गेटाला लागूनच आहे. परसात दोन गुंठे जागा आहे. अडुळसा आहे, कोरफड आहे, गवती चहा, पुदिना, कढीपत्ता, शेवगा... आम्ही वापरायला दिली तर चालेल ना?"

सरांनी आधी नाही म्हटलं. मग वाळूकडे बघितलं. मग म्हणाले, "लपवायचं काही नाही. समितीला सांगू, की सध्या हे तात्पुरतं आहे."

तीन दिवस मी आणि सर राबलो. वाफे केले, लाकडी फळ्या रंगवल्या. त्यांवर वर लॅटिन नाव, खाली मराठी. जिथे झाड नव्हतं तिथे बी टाकलं आणि फळी मात्र लावून ठेवली. "समितीला नियोजन दिसलं पाहिजे," सर म्हणाले. मुळा, मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर अशा फळ्या मोकळ्या मातीत ऐटीत उभ्या राहिल्या.

अम्मी कमरेवर हात ठेवून बघत होती. "ह्या अडुळशाला मी वीस वर्सं पाणी घालतीय. त्याला एवढं मोठं नाव हाय हे मला कुनी सांगितलं न्हाई."

अब्बांना मी मोघम सांगितलं, "युनिव्हर्सिटीची माणसं येणार आहेत, आपली बाग बघायला."

अब्बांची उत्सुकता जागी झाली. "घेनार किती?"

"घेणार काही नाहीत अब्बा. नुसतं बघणार."

"पुण्यावरनं जीप करून नुसतं बघाया?" अब्बा विचारात पडले. बघून न घेणारं गिऱ्हाईक त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, पण ते इतक्या लांबून येत नसे.

समितीच्या दिवशी सकाळी मी सरांबरोबर लॅबमध्ये बाटल्या पुसत होते. दहाची समिती साडेअकराला आली. दोन सर आणि एक मॅडम. मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी लॅब बघितली, लायब्ररी बघितली, सगळ्यांना सतत प्रश्न विचारले आणि मग म्हणाल्या, "चला, उद्यान बघू." दोघे सर हजेरीपटात रमले होते, ते तिथेच बसले. मी, गायकवाड सर आणि मॅडम मागच्या गेटाने निघालो.

गेट उघडलं.

बाग भरगच्च झाली होती! सकाळपर्यंत जिथे नुसती माती होती तिथे हिरवीगार मेथी, वीतभर मुळा, टवटवीत कोथिंबीर आणि मधोमध पांढरेशुभ्र फ्लॉवरचे पाच गड्डे. सगळ्यावर पाणी शिंपडलेलं. पुढच्या ओळीत मोठा माल, मागे बारका. टोमॅटोच्या वाळक्या रोपावर तर असे लालबुंद टोमॅटो लटकत होते, की रोप बिचारं जमिनीला टेकलं होतं. आणि बाजूला धुतलेला सदरा घालून, हात बांधून अब्बा उभे.

माझ्या लक्षात आलं. मोकळ्या मातीत नावाच्या पाट्या! भाजीवाल्याच्या नजरेला त्याचा एकच अर्थ : पाटी लावलीय आणि माल संपलाय. गिऱ्हाईक दारात येणार, आणि गाळा रिकामा? बागवानाची इज्जत काय राहील? अब्बांनी पाट्यांवरचं मराठी वाचून, दुकानातला पहिल्या प्रतीचा माल आणून, ज्या त्या पाटीपुढे मातीत खोचला होता.

"वा!" मॅडम म्हणाल्या. सरांचा श्वास चालू होता की नाही, मला सांगता येणार नाही.

मॅडम फ्लॉवरपाशी उकिडव्या बसल्या. "पानावर एकसुद्धा भोक नाही. कीड कशी लागली नाही हो?" असं म्हणत त्यांनी गड्ड्याला हात लावला. गड्डा कलंडला, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि सरांच्या बुटापाशी जाऊन थांबला.

मॅडमनी फ्लॉवरचा कापलेला दांडा बघितला. मग शांतपणे कोथिंबिरीकडे वळल्या आणि एक जुडी उपटली. मुळांच्या वर सुतळीचे दोन वेढे.

"ही जात मी पहिल्यांदाच बघतेय," मॅडम म्हणाल्या. "उगवतानाच सुतळी बांधून उगवते?"

मी जमिनीत शिरायला जागा शोधत होते. (सगळे वाफे भरलेले होते.) अब्बा मात्र मोकळेपणाने पुढे झाले.

"बांधल्याली बरी, मॅडम. सुटी ठिवली की घंट्यात मान टाकती."

"म्हणजे हे तुम्ही लावलंत?"

"आज सकाळी. आमच्या पोरीनं पाट्या लावल्या, पन माल भरायचा राहिला व्हता. तुमी पुण्यावरनं येनार, मोकळी जमीन कशी दावायची?"

गायकवाड सर घाईघाईने म्हणाले, "मॅडम, वाळूचा ट्रक... म्हणजे सत्तावीस वनस्पती... मी सांगणारच होतो..." आणि त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. मॅडमनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं. ते काय असेल या विचाराने मला दौंड स्टेशनचा फलाट दिसायला लागला.

"बरं, तुम्ही विद्यार्थिनी ना?" त्यांनी वाफ्यांच्या मधली, जमिनीवर पसरलेली एक वेल उपटली. जाडसर पानं, लालसर देठ. "ही काय?"

मी वर्षभर पुस्तकं पाठ केली होती. आफ्रिकेतल्या झाडांची कुळं मला येत होती. पण हे? हे तर मी तीन दिवस खुरप्याने काढून फेकत होते!

"तण आहे, मॅडम."

"तण हे काही नाव नाही. नाव सांगा."

मी वर बघितलं, खाली बघितलं. मागून अम्मीचा आवाज आला.

"घोळ हाय ती. डाळ घालून भाजी करत्यात. ही पोरगी दर आठवड्याला खाती की!"

मॅडमनी दुसरं एक रोप दाखवलं. तेही मला येईना. तेही अम्मीने सांगितलं. तिसऱ्याला मी नुसती 'कुळ... कुळ...' करत राहिले, तसं अब्बांनी न राहवून उत्तर दिलं. आता मॅडमचे डोळे चमकायला लागले. त्यांनी गाळ्यावरून आलेल्या टोपलीतलं एक वांगं उचलून अब्बांपुढे धरलं.

"हे सांगता येईल?"

अब्बांनी वांगं हातात घेतलं, देठाचा काटा बघितला, बोटाने टिचकी मारली. "निमोण्याचं. तिकडल्या वांग्याला काटा बारीक. आन् हे दुसरं तळेगाव ढमढेऱ्याचं. उसाच्या कडंला लावल्यालं दिसतंय, पाणी जास्त पेलंय."

"कशावरून?"

"हलकं हाय. फुगल्यालं हाय, पन वजन न्हाई."

पुढचा तासभर काय चाललं होतं ते सांगून खरं वाटणार नाही. विद्यापीठ पायरीवर बसून गवती चहा घालून केलेला चहा पीत होतं आणि आमचे अब्बा त्याला शिकवत होते! कुठली मेथी कडू, कुठल्या मातीतला मुळा फुटतो, सगळं मॅडम लिहून घेत होत्या. मग अब्बांनी आपल्या शंका काढल्या.

"मॅडम, युनिव्हर्सिटीत बाग हाय का?"

"आहे ना. मोठी आहे."

"मग माल कुठं जातो?"

"माल नाही निघत. झाडं अभ्यासासाठी असतात."

"येवढी जमीन, आन् मार्केटला काईच न्हाई?" अब्बा कळवळले. "आन् झाड वाढून म्हातारं झालं तर?"

"तर त्याचाही अभ्यास करतो."

अब्बांनी मॅडमचा रिकामा कप उचलून ठेवला. मग मला हळूच म्हणाले, "चांगली मान्सं हायत. पन धंद्याला उपेगाची न्हाईत."

दोन वाजता जीप गेली. पुढचा दीड महिना मी नीट जेवले नाही. खालाचा फोन आता आठवड्यातून दोनदा यायला लागला होता. रेल्वेतल्या मुलाला क्वार्टर मिळालं म्हणे. मला रडू यायचं आणि राग कोणावर काढावा ते कळायचं नाही. अब्बांवर काढावा, तर त्यांनी बिचाऱ्यांनी चांगला माल लावला होता. फार तर फ्लॉवरवर काढता आला असता, पण तो त्याच संध्याकाळी आम्ही खाऊन टाकला होता.

एका दुपारी गायकवाड सर पत्र घेऊन घरी आले. अब्बा जेवत होते. ते ताटावरून तसेच उठले.

"मान्यता मिळाली!" सर म्हणाले. "वर्षभरात कायमचं उद्यान उभारायची अट आहे. पण वर्ग जूनपासून सुरू!"

अम्मीने पदर डोळ्यांना लावला. मी तर घरभर नाचले. अब्बांनी विचारलं, "पन सर, मुळं नसलेला फ्लॉवर बघून बी वर्ग दिला? का दिला, ते लिवलंय का त्यात?"

सर घुटमळले. "आहे एक शेरा." त्यांनी पत्र माझ्याकडे दिलं. मी उत्साहाने मोठ्यांदा वाचायला लागले.

'पाहणीच्या वेळी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीस स्वतःच्या घराच्या परसातील सर्वसाधारण वनस्पतीही ओळखता आल्या नाहीत. सबब, येथील विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्राचे आणखी एक वर्ष मिळणे अत्यंत आवश्यक आहे.'

अब्बांनी शेरा मनातल्या मनात दोनदा घोळवला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"म्हंजी, वर्ग तुझ्यामुळंच मिळाला म्हन की!"

दुसऱ्या दिवसापासून गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अब्बा सांगायला लागले, "आमच्या पोरीनं टी. वाय.चा वर्ग आनला शिरूरला!" दौंडच्या खालालाही त्यांनी तेच कळवलं, आणि तिने दबून जाऊन फोन करायचे थांबवले. कसा आणला, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगायच्या भानगडीत पडले नाही. त्यानंतर त्या वर्गातून खूप मुली शिकून गेल्या, दोघी-तिघी विद्यापीठात पहिल्यासुद्धा आल्या. हुशारीवर वर्गात नंबर काढणाऱ्या पुष्कळ असतात हो. अडाणीपणावर अख्खा वर्ग मिळवणारी तालुक्यात मी एकटीच!