जात्यावरची वायर

नव्या वायरीचा वास आला की मला लग्नाची हळद आठवते. पारोळ्याजवळ आमच्या गावात माझ्या मोठ्या मुलीचं लग्न होतं आणि पाहुणे यायच्या आत नव्या खोलीत पंखा फिरायला हवा होता, नाहीतर त्या उन्हात कोणी बसलं नसतं. वायरमनला आम्ही भाऊ म्हणायचो. तो जमिनीवरच्या गुंडाळीतून वायर ओढी, वेढ्यागणिक तिला पीळ पडे आणि भिंतीतल्या पाइपात ती अडके. "अक्का, गुंडाळी फिरती पाहिजे," तो घाम पुसत म्हणाला, "तुटली तर आज पंखा विसरा." अंगणात हळद दळायला जातं मांडलं होतं, कुंकू लावून पुजलेलं, आणि बायका जमल्या होत्या. मी त्याचा खुंटा उपटला आणि गुंडाळी वर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "जातं पूजेल शे. त्यानावर वायर कसाले?" मी म्हटलं, "मग पाहुण्यांना वारा तुम्ही घाला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि जात्यापाशी बसल्या. "सरक. तुले फिरावता येत नही." त्या तळव्यांनी जातं फिरवू लागल्या आणि वायर सुतासारखी सरळ निघाली. बायकांनी हळदीचं गाणं धरलं, तसा सासूबाईंचा हात चालला. आतून भाऊ ओरडला, "गाणं जरा हळू म्हणा, वायर फार जोरात येते." पाहुणे आले तेव्हा पंखा फिरत होता आणि हळद दळायची राहिली होती. पुढे पंखे बदलले, वायर अजून तीच आहे. सासूबाई होत्या तोवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या की त्या खोलीचं वायरिंग त्यांनी केलं. मी कधी खोडून काढलं नाही, कारण फिरवलं खरंच त्यांनी चांगलं.