डाव्या हातातल्या बांगड्या

ठाण्याला आगगाडी नवी होती तेव्हाची गोष्ट. चांगुणा जन्मताना अडली, सुईणीने ओढून काढली, तेव्हापासून तिचा डावा हात लोंबता. पोर मोठी झाली तरी सगळ्या कोपरी गावाचं एकच पालुपद, त्या हाताला काम लावू नका. तिची आई हिरूबाई कुणाला जुमानते! मिठागरात ती लेकीचे दोन्ही हात फावड्याच्या दांड्यावर ठेवी, वरून स्वतःचे आवळी आणि दोघी मिळून मीठ ओढत.

दिवाळीला कासाराने चांगुणाला बांगड्या भरल्या. डाव्या हातात चढवताना तो हसला, "ह्या जन्मभर टिकतील."

शिमग्याला तो पुन्हा आला आणि त्याने तिचा उजवा हात धरला.

"तो राहू दे," हिरूबाई कडाडली. "आधी डावा भर. तुझ्या जन्मभरच्या सगळ्या फावड्यावर फुटल्या."