शत्रूशी बोलणारा माणूस

माझ्या नवऱ्याने सैन्यातली शेवटची वर्षं शत्रूशी चाललेलं बोलणं तुटू न देण्यात घालवली, आणि घरी आल्यावर सख्ख्या भावाशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवून टाकलं. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे हसले. मला कधीच हसू आलं नाही. दोन्ही घरांच्या शेताला पाणी एकाच विहिरीचं होतं, आणि हसणाऱ्यांना त्या विहिरीवर जायचं नव्हतं.

आधी फोनचं सांगते. गावात त्यांना सगळे फौजी म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते. फौजी सिग्नलमध्ये, म्हणजे सैन्याच्या फोन-वायरलेसच्या खात्यात होते. निवृत्तीच्या आधी दिल्लीला बदली झाली आणि आम्ही तिथे क्वार्टरमध्ये राहायला गेलो. त्यांच्या ऑफिसात सीमेपलीकडच्या सैन्याशी थेट जोडलेला फोन होता. दर मंगळवारी, काम असो नसो, इकडचे साहेब तिकडच्या साहेबांशी बोलायचे. त्याआधी फोन नीट आहे ना, आवाज स्वच्छ येतो ना, हे बघणाऱ्यांत आमचे फौजी. अठ्ठ्याण्णव साली दोन्ही देशांनी अणुस्फोट केले. पुढच्या उन्हाळ्यात कारगिलला माणसं मरत होती, तरी फोन चालूच. मी चिडले होते. ते आपली पोरं मारून राह्यले आणि तुमी त्यायले हॅलो म्हनता?

फौजी शर्टाची बटणं लावत होते. न चिडता म्हणाले, "अवं, मारामारी चालू हाय म्हनूनच तं फोन पायजे."

मग त्यांनी मला समजावलं. दोघांकडे क्षेपणास्त्रं आहेत. सुटलं की पोचायला मिनिटं लागतात, तास नाही. इकडे कोणी साधी चाचणी घेतली आणि तिकडच्या यंत्राला वाटलं की हल्लाच आला, तर विचार करायला वेळ कुठे असतो? यंत्राला शंका येत नाही, शंका माणसाला येते. आणि शंका आली की विचारायला कोणीतरी समोर हवं. म्हणून आधी सांगायचं, आणि न कळलं तर विचारायचं. आवडत नसला तरी समोरच्याशी बोलायचं. मला पटलं. नवऱ्याचा अभिमानही वाटला, तो लपवत नाही. एवढ्या मोठ्या जगाची काळजी वाहणारा माणूस आपल्या घरात डाळभात खातो याचं मला त्या वयात फार कौतुक होतं.

ते कौतुक आमच्या गावी, सिंदीला, परत आल्यावर वर्षभरही टिकलं नाही.

फौजी नोकरीवर असताना त्यांच्या थोरल्या भावाने घरची बैलजोडी विकली होती. जोडी म्हातारी झाली होती, विकणं बरोबरच होतं, हे फौजीही कबूल करायचे. पण विचारलं नाही. एक कार्ड टाकलं नाही. "मले सांगाचं तरी होतं," एवढंच त्यांचं म्हणणं, आणि एवढ्यावरून अबोला. दीरही तसलेच. "पाच वर्सं ज्यानं जोडीचं वैरनपानी पाह्यलं नाई, त्याले काऊन सांगू?" असं ते चारचौघांत बोलले, ते आमच्यापर्यंत आलं आणि मग संपलंच. वाटणी झाली. घरं शेजारी शेजारी, शेतं धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून, विहीर सामायिक. विहिरीवर दोघांच्या दोन मोटरी, खांबावर दोन पेट्या. मेन स्वीच दीरांच्या पेटीत होता आणि वाटणीनंतर त्या पेटीला कुलूप लागलं.

आता अशा घरात काम कसं चालतं? बायका चालवतात. मी आणि माझी जाऊ. मागच्या अंगणातल्या हातभर उंचीच्या भिंतीवरून आमचा सगळा कारभार व्हायचा. "आज तुमचे पानी लावनार का?" "नाई, आज तुमचे लावू दे, आमचे उद्या." मग मी घरात येऊन, जणू मलाच सुचलं असं दाखवून म्हणायची, आज पाणी लावून टाका. आणि फौजी, जणू त्यांनीच ठरवलं असं दाखवून, उठायचे. कोणाला कुठून कळलं हे कोणी विचारत नव्हतं. मला या नाटकाचा इतका वीट आला होता की कधी कधी वाटायचं, बोंब मारून दोघांनाही सांगावं की तुमची शेती आम्ही दोघी चालवतो.

दीरांशी मी स्वतः का नाही बोलायची, असं आजच्या मुली विचारतील. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर पदर घ्यायचा, बाजूला व्हायचं, तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. भासरे म्हणतात त्यांना. लग्नाला वीसच्या वर वर्षं झाली होती आणि दीरांनी माझा आवाज फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता.

दोन हजार पाच साली दसऱ्याच्या आसपास पेपरात बातमी आली. क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची तर दोन्ही देशांनी एकमेकांना आधी कळवायचं असा करार झाला. फौजींचा आनंद काय सांगू. पेपर घेऊन स्टेशनजवळच्या टपरीवर गेले आणि दुपारी जेवायला आले तोवर अर्ध्या सिंदीला करार पाठ झाला होता. पुढच्या सव्वीस जानेवारीला शाळेने त्यांना भाषणाला बोलावलं. भाषण चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. पोरांना कळेल असं बोलले. यंत्रावर सोडून चालत नाही, शत्रूलासुद्धा आधी सांगावं लागतं, नाहीतर चुकून सगळेच मरतील, आणि चुकून मेलेला माणूसही मेलेलाच असतो. टाळ्या पडल्या. दीर शाळेच्या कमिटीवर होते, म्हणून तेही स्टेजवर, बाजूच्याच खुर्चीवर बसलेले. पाहुण्याला हार घालायची पाळी त्यांच्यावर आली. त्यांनी हार हेडमास्तरांच्या हातात दिला आणि पाण्याचा ग्लास उचलला. फौजी समोरच्या झेंड्याकडे बघत राहिले. खाली बायकांमध्ये आम्ही दोघी जावा शेजारी शेजारी बसलो होतो. जाऊ माझ्या कानात म्हणाली, "या दोघायले एकाच खोलीत कोंडावं वं." मी म्हटलं, कोंडले तरी भिंतीशी बोलतील.

फेब्रुवारीत जाऊ एका लग्नासाठी माहेरी, आर्वीला गेली. एसटीत बसता बसता तिने मला बजावलं, पाण्याचं पाहजो. मी हो म्हटलं, पण आता सांगणार कोणाला?

त्या वर्षी लोडशेडिंगचा कहर होता. मोटरीला लागणारी थ्री फेज लाइन दिवसातून थोडा वेळ यायची, तीही वेळापत्रकात छापल्याप्रमाणे येईलच असं नव्हतं. लाइनची वाट बघत कोण बसणार, म्हणून सगळ्यांनी पेट्यांमध्ये ऑटो बसवले होते. लाइन आली की कोणाला न विचारता मोटर आपोआप सुरू. दीरांनी बसवला होता, आम्हीही बसवला होता.

एका दुपारी मी डबा घेऊन शेतात गेले तर फौजी दिसेनात. चपला विहिरीच्या काठावर. आत डोकावले तर छातीभर पाण्यात उभे, आमच्या मोटरीचा पाइप गळत होता त्याचा क्लॅम्प आवळत होते. आमचा स्वीच त्यांनी बंद केला होता. मी खांबाकडे पाहिलं. दीरांची पेटी कुलूपबंद, आणि आत ऑटो चालू असणार हे सांगायला कोणी नको होतं. दोन्ही मोटरींच्या केबली एकाच लोखंडी शिडीला बांधलेल्या. दीरांच्या केबलीला मधे जोड होता, त्याची टेप केव्हाच सुटली होती; लाइन आली की वीज शिडीत उतरणार. हे मला माहीत होतं, कारण फौजी रोज जेवताना त्या जोडावरून कुरकुर करायचे. माझ्यापाशी. ज्याची केबल होती त्याच्यापाशी नाही.

"वर्ती या," मी ओरडले. "त्यायचा ऑटो चालू असन."

"चार वाजेपर्यंत लाइन येत नाई."

"परवा दोन वाजताच आलती."

"झालंच, एक नट रायला."

"मंग त्यायले सांगाचं तरी, का मी उतरून राह्यलो म्हनून!"

खालून उत्तर आलं, "त्याले दिसत नाई का माह्या चपला?"

माझं डोकंच फिरलं. चपला! दिल्लीत बसून हा माणूस सांगत होता की समोरच्याला कळेलच असं धरून चालायचं नसतं, आणि इथे सगळा भरवसा चपलांवर. वर यायचं तर त्याच शिडीला धरून यावं लागणार होतं आणि ते यायला तयार नव्हते. भांडायला वेळ नव्हता. मी डबा टाकला आणि धुरा ओलांडून पळत सुटले.

दीर तुरीच्या वाळत घातलेल्या पेंढ्यांपाशी होते. मला येताना पाहून रिवाजाप्रमाणे त्यांनी तोंड फिरवलं, मला वाट द्यायला बाजूला झाले. पदर कुठे होता मला माहीत नाही. मी त्यांच्या पाठीवर ओरडले, "मेन बंद करा! तुमचा भाऊ विहिरीत हाय!"

ते वळले. क्षणभर माझ्याकडे नुसते बघत राहिले, मला वाटतं आवाज कोणाचा हे त्यांना कळेना. मग धावले. साठीला आलेला माणूस, एका हाताने धोतर धरून ढेकळांतून धावत होता आणि मी मागून "लवकर, लवकर" म्हणत होते. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधलेली. घाईत ती कुलपात जाईना. मी दोन्ही हातांनी कुलूप धरलं, त्यांनी किल्ली फिरवली आणि खटका खाली ओढला. दोघंही तसेच उभे राहिलो. लाइन आली असती तर, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

लाइन आलीच. आम्ही अजून खांबापाशीच होतो, तेव्हा पलीकडच्या शेतातली मोटर घरघरली आणि पाइपातून पाणी पडायला लागलं. आमच्या विहिरीत सगळं शांत. आतून फक्त पान्हा लोखंडावर घासल्याचा आवाज येत होता.

दीर काठाशी गेले आणि वाकले. किती वर्षांनी ते भावाशी बोलत होते, कोण जाणे.

"अबे, वर्ती ये. म्या खटका पाडला."

पान्ह्याचा आवाज थांबला. मग हळूहळू फौजी शिडीवरून वर आले, ओलेचिंब, ओठ निळे पडलेले. पलीकडची मोटर त्यांनीही ऐकली. त्यांना काय झालं असतं ते कळलं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते काठावर बसले आणि दीरही समोर बसले. आता मिठी मारतील, रडतील असं मला वाटलं. कुठलं काय. दीर म्हणाले, विहिरीत उतराचं होतं तं सांगाचं नाई का. फौजी म्हणाले, जोडाले टेप माराले तुले का झालतं. दोघांचे आवाज चढले. एकमेकांना मूर्ख म्हणून झालं, बेअक्कल म्हणून झालं. दूरच्या शेतातली माणसं थांबून बघायला लागली.

मी मधे गेले. आयुष्यभराचा राग तोंडातून बाहेर पडला. फौजींना विचारलं, "दुश्मनाले दर मंगळवारी फोन करत होते ना? मारामारी चालू असतानी करत होते ना? मंग सख्ख्या भावाले सांगाले का होते तुमाले?"

त्यांनी डोळ्यांवरचं पाणी पुसलं. भाषणातला आवाज आता उरला नव्हता.

"तिथं हुकूम होता," ते म्हणाले. "तिथं काय आमाले एकमेकाशी बोलावंसं वाटे? हुकूम नसता तं तिथं बी कोनी फोन उचलला नसता."

इतकी वर्षं मी समजत होते की तिकडे कोणीतरी शहाणी माणसं बसली आहेत. तिकडेही आमच्या फौजींसारखीच माणसं बसली होती, फक्त त्यांना कोणीतरी दटावलं होतं.

"मंग हा हुकूम समजा," मी म्हटलं. दीरांकडे वळून, पदर न घेता, त्यांनाही सांगितलं. "दोघायलेही. तोंडानं सांगाचं. मी नाई सांगनार, तुमची बायको बी नाई सांगनार."

दीरांनी मान खाली घातली. मग जमिनीकडे बघतच त्यांनी मला विचारलं, माझ्याशी ते बोलले ते हे पहिलंच, "कधीपासून?"

"आत्तापासून."

पलीकडचं पाणी सरीतून वाहत होतं. फौजींनी सदरा काढून पिळला, झटकला, पुन्हा पिळला. मग भावाकडे न बघता म्हणाले, "तो नट रायलाच हाय. उद्या सकाळी उतरीन मी."

"बरं," दीर म्हणाले. "सांगून उतरजो."