कुबराचाचीची बाटली

पहिल्यांदाच काही आंबवायला निघालेल्यांना मी एकच सांगते: बाटलीचं तोंड घट्ट बांधू नका. साहेबलोकांची घरगुती बिअर असो नाहीतर आमच्या सांदणांचं आंबट पाणी, आतल्या वायूला बाहेर पडायला वाट हवी. उन्हात तर ठेवूच नका. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन बूच ठोकतात.

कुबराचाचीने तेच केलं. ती कुवेतच्या मिरकाब मोहल्ल्यातली माझी समोरची शेजारीण. नवरा झहूर एका दुकानाच्या गुदामावर होता. निकाहानंतर कित्येक वर्षं तो कुवेतला आणि ती रत्नागिरीकडच्या गावात. कुठे एवढ्यात त्याने तिला आणलं, तर दारूबंदीचा कायदा आला. घरात दारू सापडली, की माणसाची बोटीवर बसवून मायदेशी रवानगी होते, असं जो तो सांगत होता.

आता ईदला वाफवलेली सांदणं तर हवीतच. गावी भंडारी ताजी माडी आणून देई, तिने तांदळाचं पीठ फुगायचं. इथे माडी कुठली? चाचीने भटारखान्यातून आंबलेल्या कणकेचा गोळा आणला, साखरपाण्यात कालवला आणि सरबताच्या बाटलीत भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं निम्मं पिठात घातलं. इथवर छान. पण बाई महाभित्री. उरलेल्याचा वास खाली घरमालकाला जाईल म्हणून तिने बूच ठोकलं, वर सुतळी आवळली आणि बाटली ठेवली जिन्यातल्या उन्हात. कुवेतच्या उन्हात!

दुपारी बाटली फुटली. जिनाभर काचा, आणि वास थेट ताडीच्या गुत्त्याचा. घरमालक अबू सालेम नाक फुगवत वर आला. चाचीला अरबी येईना, ती नुसती मान हलवत राहिली. त्याने झहूरला बोलवायला माणूस धाडला.

तेवढ्यात मालकाची बायको वर आली. चाचीने तिचा हात धरला आणि ओढतच स्वयंपाकघरात नेलं. पातेल्यावरचं झाकण काढलं. पीठ फुगून काठाला आलं होतं. त्या बाईने बोट बुडवून चाखलं, हसली, आणि बाहेर येऊन नवऱ्याला असं खडसावलं की तो तिथेच बसला. माझा जीव भांड्यात पडला. चाचीने वाट्या भरून वाफेवर ठेवल्या.

झहूर अनवाणी धावत आला, तेव्हा अबू सालेम नारळाच्या रसात बुडवून सांदणं खात होता. झहूर दारातच थांबला. मंडळी खाली गेल्यावर तो चाचीजवळ आला.

"मना वाटला, तुला बोटीवर बसवतील," तो म्हणाला. "येताना तिकीट ऑफिसात नझीरला सांगून आलो, दोन तिकिटा बघून ठेव."

"दोन कशाला?"

"तुला एकलीला कसा पाठवू?"

इतका वेळ टिपूसही न काढलेली कुबराचाची तेव्हा रडली.