अक्काच्या बीपीचा चोर

अक्का माझी थोरली बहीण. तिला दिली निपाणीला, मला बेळगावात, खासबागेत. गेल्या उन्हाळ्यात तिची छाती भरून आली, जिना चढताना धाप लागायला लागली, तसं तिच्या लेकानं तिला बेळगावला आणून डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, हृदय अजून शाबूत आहे, पण बीपी असंच वर राहिलं तर शाबूत राहायचं नाही. गोळी, मीठ कमी, तेल कमी, रोजचं चालणं, आणि महिन्यानं परत दाखवायचं. लेकाला शेतीची घाई, म्हणून मी म्हटलं, राहू दे माझ्याकडं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण आमची आई भाकरी थापता थापता गेली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा आम्हाला कळलं. तेव्हापासून छातीत दुखतंय असं कुणी म्हटलं की मी हातातलं टाकून धावते.

तर मी घरातला पोलीस झाले. आमटी अळणी, पापड बंद, भज्यांचं नाव नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात आठवड्याला बीपी बघायला न्यायची. पण आकडा काही हलेना. दुकानदार पट्टा सोडायचा आणि माझ्याकडं असं बघायचा, जणू मीच तिला चोरून वडे चारतेय.

मग माझ्या मनात आलं, चोर घरातच आहे.

पहिला संशय लोणच्यावर. बरणीच्या फडक्याला मी माझी अशी गाठ मारली, जी दुसऱ्या कुणाला जमत नाही. रोज उठून गाठ बघायची. गाठ जशीच्या तशी. मग संशय माझ्या सुनेवर. ती मऊ काळजाची, अक्काच्या ताटात हळूच मीठ सोडत असेल. तर ती म्हणाली, "आत्ती, तुम्ही माझ्या हातातला डबासुद्धा हुंगताय. एकदा माझी पण झडती घ्या की!" घेतली असती, पण लाज वाटली.

मग वाटलं, गोळीच गिळत नसेल. गोळी दिली की मी समोर उभी.

"आ कर. जीभ उचल."

"मी काय बाजारातली म्हैस हाय व्हय गं, दात बघून घ्यायला?"

"उचल म्हंते न्हवं!"

बिचारी उचलायची. गोळी गेलेली असायची.

राहिलं चालणं. सकाळी ती कॅम्पाकडं जायची, तिथं रस्त्याला झाडं आहेत, सावली आहे. माझ्या मनात आलं, झाडाखाली बसून गप्पा हाणत असेल, नाहीतर कुठं इडलीवड्याच्या गाडीवर उभी असेल. एके दिवशी पदर डोक्यावरून घेऊन मी तिच्या मागं निघाले. तर ही बाई पुढं झपाझपा चाललेली, आणि मला मागं धाप. वळणावर तिनं मागं बघितलं.

"काय गं, चोर धराय आलीयास?"

"फिराय आलेय."

"मग पुढं हो की. मागनं कशाला येतीस?"

त्या दिवशी माझंच बीपी वाढलं असणार.

महिना झाला. डॉक्टरीणबाई कन्नड घरातल्या, मराठी आपलं जुळवून बोलतात. त्यांनी पट्टा बांधला, आकडा बघितला, कपाळाला आठी घातली. मी लगेच सांगून टाकलं, "बाई, ही कुठंतरी चोरून मीठ खातीय. मला अजून गावंना झालंय."

"देवाशप्पत न्हाय," अक्का म्हणाली.

बाईंनी विचारलं, "तंबाखू, जर्दा काय खाताय काय?"

"न्हाय वो. जलमात तोंडात घातला न्हाय."

ते खरंच होतं. मीही मान हलवली. बाई लिहिणार, तेवढ्यात अक्का हसली आणि बाईंचा हात थांबला.

"दात काळे कशानं झाले?"

"मिश्री लावते की."

"मिश्री म्हणजे कशाची?"

"कशाची म्हंजे? तंबाखूचीच की! निपाणीची हाय मी, तव्यावर भाजून घरात करते. इकतची न्हाय." हे तिनं किती अभिमानानं सांगितलं म्हणून सांगू!

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आत्ता नाही म्हणालात?"

"खात न्हाय वो बाई. दात घासते."

मी तिथंच गार पडले. बरण्या, डबे, सुनेची मूठ, सगळं मी तपासलं होतं, आणि ही बाई रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ माझ्याच पायरीवर बसून दातांवर बोट फिरवायची. चूळ भरायला पाणी मी द्यायची. तंबाखू म्हणजे पुरुष मळतात तो. बायकांच्या मिश्रीला आमच्याकडं तंबाखू कोण म्हणतंय? बाईंनी समजावून सांगितलं, की हिरडीतनं ते रक्तात उतरतं, नाडी पळवतं, रक्तवाहिन्या आवळतं. गिळलं काय आणि घासलं काय, हृदयाला सारखंच.

मिश्री बंद म्हटल्यावर अक्का चार दिवस माझ्यावर फुगून होती. वखारीत तंबाखू निवडण्यात तिचा जन्म गेला. भूक लागली की मिश्री, दाढ दुखली की मिश्री, नवरा गेला तेव्हाही मिश्रीच. डोकं दुखायचं, भांडी आपटायची. "त्यापरीस मीठ तर दे," म्हणायची. पण सोडली. सगळं पथ्य तसंच ठेवलं, आणि पुढच्या खेपेला आकडा उतरला. फार नाही, पण उतरला. गोळी चालू ठेवून बाईंनी तिला घरी जायला सांगितलं.

आता मी रोज सकाळी फोन करते. तोंडात मिश्री असली की माणूस हनुवटी वर करून नुसतं "हं हं" करतं, ओठ उघडत नाही. म्हणून मी तिला मुद्दाम लांबलचक बोलायला लावते. शेजारणीच्या सुनेचं काय झालं, बाजारात वांगी कशी आहेत. तीही ओळखून आहे. "ऐकलंस न्हवं? सगळं स्वच्छ बोलले. ठेव आता."

काल मात्र मी विचारलं, जेवलीस का? तर म्हणाली, "हं."

"काय खाल्लंस?"

"हं."

मी एसटीची वेळ विचारून ठेवलीय. उद्या न सांगताच जाणार आहे.