बापाच्या मापाची फट

२०२२ साल. माझं वय अडुसष्ट. मुक्ताबाईनं बारा सुऱ्या माझ्या ऐरणीवर आदळल्या आणि म्हणाली, "दादा, मी सुऱ्या सांगितल्या व्हत्या. तुमी खुरपे दिले."

मुक्ताबाई सिद्धेश्वरच्या धरणावर मासे कापून विकते. जुनं गिऱ्हाईक. तरी माझं डोकं फिरलं. कळमनुरीच्या बाजारात पन्नास वर्षांत माझ्या सुरीला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

"काय झालं सुरीला?"

"जाड हाये. मासा कापत न्हाई, चेंबटते. गिऱ्हाईक इचारते, बाई, हे कापलं का कुटलं? वेल्डिंगवाल्याकडं मोजून आले. पाठ चार एमएम भरली. अडीच पाह्यजे."

"आता वेल्डिंगवाला मला शिकवून राहिला का?"

सुरी कशी होते ते सांगतो. ट्रकच्या कमानीचा पाटा घ्यायचा. पोलाद चांगलं, पण जाडी करंगळीएवढी. तो भट्टीत संत्र्याच्या रंगावर आणायचा आणि ठोकून पातळ करायचा. रंग उतरला की थांबायचं, नाहीतर चीर पडते. आमच्यात घण बायको मारते, सांडशी मी धरतो. जाडी बघायला बापानं केलेलं माप आहे. लोखंडाची पट्टी, तिला एक फट. पात्याची पाठ फटीत बसून सरकली की जाडी बराबर. मी दुसरी शिकलेला. मला एमएम कळत नाही, फट कळते.

माप खिळ्यावरून काढलं आणि तिची नवी सुरी फटीत घातली. घट्ट बसून सरकली.

"बघ. डोळे हायेत ना?"

तिनं पिशवीतून दुसरी सुरी काढली. मुठीला चिंध्या गुंडाळलेल्या, पाठीजवळ माझाच ठसा. "ही बी तुमचीच. माझ्या लग्नाच्या साली दिलेली. घाला."

घातली. फटीत ती खुळखुळली.

"घासून झिजली असंल."

"धार घासतेत, दादा. पाठ कोन घासते?"

माझा राग आणखी चढला. "पटत नसंल तर नांदेडहून मशीनच्या आण."

"तेच करनार व्हते. म्हनलं, सांगून जावं."

बायको घण टेकवून उभी होती. ती म्हणाली, "पहिले एका पात्याला जितके घाव लागायचे, तितके आता लागत न्हाईत. म्या म्हनलं, माझा हात बसला."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तुमाला कोन बोलावं?"

फट उजेडात धरली. कडा गोल झालेल्या. तापलेलं पातं रोज त्यातून ओढायचो. त्यानं पट्टीचं नरम लोखंड केसभर केसभर खाल्लं होतं. विळ्या-खुरप्यात ते खपून गेलं, माशानं पकडलं. राग कोणावर काढावा तेच कळेना. बाप तर कधीचाच गेलेला, आणि चूक त्याची नव्हती.

"जुनी सुरी ठेवून जा," मी मुक्ताबाईला म्हणालो. "आठ दिवसांनी ये." माफी मागितली नाही. मला ते जमत नाही.

शिकलो एवढंच, की मापाचंही माप घरात ठेवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाचं माप भट्टीत घातलं. बायकोनं घण मारून फट मिटवली. मग कानस घेऊन नवी फट काढली, मुक्ताबाईच्या जुन्या सुरीची पाठ जेमतेम सरकेल एवढी. आणि तिच्या बारा सुऱ्यांतल्या पहिलीची मूठ काढून पातं आगीत टाकलं.