चौदा बादल्या कोमट पाणी

पाण्यानं कुठं कसं वागावं हे पाण्यापेक्षा माझ्या मेव्हण्याला जास्त कळतं. निदान त्याचं तसं मत आहे, आणि ते खोडून काढणारा माणूस नाशिक जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. आमच्या हिचा हा थोरला भाऊ. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर सगळी नोकरी काढली आणि निवृत्त होऊन घरी आला तो बॉयलर डोक्यात घेऊनच. आम्ही तिघांनी मिळून शेवटचं जे काही केलं ते म्हणजे एका रविवारी हिच्या पाण्याच्या गादीचं पाणी बदललं. ही खुर्चीत बसलेली, लुळा डावा हात उजव्या हातानं मांडीवर धरून. मी न्हाणीतून बादल्या आणतोय. मेव्हणा गादीच्या तोंडात नरसाळं धरून म्हणतोय, "थांबा दाजी, दम खाऊ द्या तिला." तिला म्हणजे गादीला. मला दम लागला होता त्याची कुणाला पडली नव्हती. ही म्हणाली, "भाऊ, त्यांना पण जरा खाऊ दे की दम." तर म्हणतो, "घाई केली की गादीचा वॉशर जातो. दाजींचा वॉशर कुठं बदलायचाय." चौदा बादल्या झाल्या, टोपण लागलं, चहा झाला, तो गेला. विशेष काहीच नाही.

ज्यांनी ही गादी पाहिली नसेल त्यांना सांगतो. शेकायची रबरी पिशवी असते ना, ती खाटेएवढी मोठी केली की झाली पाण्याची गादी. एका कोपऱ्यात तोंड, त्याला फिरकीचं टोपण. हिला लकवा झाला, एक बाजू गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाठीला जखमा होतील, ही गादी आणा. मी अंबडच्या कारखान्यात हेल्परकी केलेला, चौथी शिकलेला माणूस. मला वाटलं आणायची आणि टाकायची. पण मेव्हण्याला नुसतं कळायचा अवकाश. दुसऱ्या दिवशी हा स्कूटरवर हजर. मांडीवर गादी, गळ्यात गारुड्यासारखा प्लास्टिकचा पाइप, डोक्यावर प्लांटमधलं पिवळं हेल्मेट. हे हेल्मेट तो अजून घालतो. एकदा पोलिसानं अडवून सांगितलं, काका, हे रस्त्यावर चालत नाही. हा म्हणाला, "वरून लोखंड पडलं तरी ह्याला काय होत नव्हतं, तुमचा टेम्पो काय चीज हाय." पोलिसानं हात जोडले.

तर पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका. नळ आमच्या दारात. सिडकोतली घरं तुम्हाला माहीत असतील, दार उघडलं की गल्ली. मेव्हणा म्हणाला, "नळ इथं, तर भरणार पण इथं. पाणी वाहून न्यायचं म्हणजे अडाणीपणा." म्हणून दारातच फरशीवर गादी पसरली आणि टम्म भरली. मग आम्ही दोघं ती उचलायला वाकलो. ती कसली उचलली जाते. या बाजूनं धरावं तर पाणी त्या बाजूला पळतं. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं रेडकू धरावं तशी ती हातातून निसटत होती. शेजारचे दोघं आले, तरी तेच. ही आतून विचारतेय, "आली का हो माझी गादी?" शेवटी मेव्हण्यानं कपाळाचा घाम पुसला, टोपण उघडलं आणि पाणी सोडून दिलं. ते पाणी उतारानं गेलं शेजारच्या वहिनींच्या दारात. तिथं जुन्या साड्यांवर त्यांच्या वर्षाच्या कुरडया वाळत होत्या. पांढऱ्या कुरडया पाण्यावर तरंगत गटाराकडे निघाल्या तेव्हा वहिनी काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही. मेव्हण्यानं माफी मागावी ना. तो म्हणाला, "पाणी उताराकडं जातं. मी उतार केलाय का?" तिथून दीड वर्ष वहिनी त्याच्याशी बोलल्या नाहीत आणि त्याची स्कूटर दिसली की मुद्दाम वाळवण आत घ्यायच्या, कुरडया नसल्या तरी. एकदा तर कोरड्या चादरीच उचलून नेल्या.

त्यानंतर गादी खाटेवर ठेवून भरायची हे ठरलं, आणि हा शोध आपलाच असल्यासारखा मेव्हणा तो सगळ्यांना सांगायचा. दर दुसऱ्या रविवारी पाणी बदलायचं. मी म्हटलं, दुकानदार म्हणाला महिन्यानं बदला. "दुकानदारानं बॉयलर चालवलाय का?" झालं, विषय संपला. पाणी कोमट पाहिजे. गार असलं तर अंगातली ऊब ओढून घेतं, कडक असलं तर रबर कुरकुरतं. त्याच्याकडे एक लांब काचेचं थर्मामीटर होतं, प्रत्येक बादलीत ते बुडवायचा, डोळे बारीक करून वाचायचा, आणि मग शर्टाची बाही वर करून कोपर बुडवायचा. मी विचारलं, मग हे थर्मामीटर कशाला? म्हणाला, "थर्मामीटर साहेबासाठी असतं दाजी. कोपर आपल्यासाठी." पाण्यात तुरटी फिरवायची, वास येऊ नये म्हणून. आणि सगळ्यात शेवटी खिशातून औषधाची बाटली काढायचा, त्यात रामकुंडाचं पाणी. रविवारी येताना वाकडी वाट करून गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन आणायचा. ते ओतताना हात जोडायचा. ही म्हणायची, "भाऊ, माणूस मेल्यावर गंगेत सोडतात. तू मला आधीच झोपवलंस तिच्यावर." तो म्हणायचा, "आगाऊ बुकिंग हाय बायडे." दोघं बहीणभाऊ खिदळायचे. मला नाही आवडायचं ते हसणं. मी बादल्या धुवायला जायचो.

भरून झालं की आतली हवा काढायची. हवा राहिली की गादी डुगडुगते. त्यासाठी हा हिचं पोळ्यांचं लाटणं घ्यायचा आणि एका टोकापासून तोंडाकडे लाटत यायचा. मग वाकून गादीला कान लावायचा. "डाव्या कोपऱ्यात एक बुडबुडा हाय." तो सापडेपर्यंत चहा नाही. आणि सगळं झालं की ट्रायल. आपण स्वतः झोपून बघितल्याशिवाय पेशंटला द्यायची नाही, हा त्याचा नियम. शर्ट काढून बनियनवर आडवा व्हायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बोलू नका, अंदाज घेतोय." अंदाज घेता घेता घोरायला लागायचा. ही खुर्चीत ताटकळलेली. पाच मिनिटं वाट बघायची आणि मग उजव्या हातातली काठी त्याच्या पोटावर टोचायची. "उठ भाऊ. पेशंट मी आहे." हिनं मला कितीदा सांगितलं, एकदा तुम्ही पण झोपून बघा हो, झोपाळ्यासारखं वाटतं. मी म्हणायचो, मला काय धाड भरलीय? दीड वर्षात एकदा पण झोपलो नाही.

पाणी काढणं हा तर तमाशाच. पाइपचं एक टोक गादीत, दुसरं टोक दाराबाहेर हिच्या मोगऱ्याच्या कुंडीत. पाणी ओढायला पहिल्यांदा तोंडानं चोखावं लागतं. मेव्हणा चोखायचा, आणि वेळेवर तोंड काढायचं हे त्याला कधीच जमलं नाही. दर वेळी एक घोट पोटात. पंधरा दिवस शिळं, तुरटीचं, रबराच्या वासाचं पाणी. तोंड वेडंवाकडं करून म्हणायचा, "चांगलं हाय. अजून दोन दिवस चाललं असतं." ही मागून, "मग पिऊन टाक सगळं, पाइप तरी कशाला."

एकदा गादीला भोक पडलं. हिच्या पदराची पिन. चादर ओली दिसायला लागली. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात, इथं पाणीच आत, बुडवायचं कुठं? मेव्हणा म्हणाला, "बायडे, जिथं ओल दिसंल तिथं खूण कर." हिनं कपाळाची टिकली काढली आणि बरोबर भोकावर चिकटवली. त्यानं ते वाळवलं, घासलं, सायकलच्या दुकानातलं सोल्यूशन लावून ठिगळ मारलं. ठिगळ बसलं तर हिनं तीच टिकली उचलून ठिगळावर लावली. म्हणाली, असू दे, गादीला पण जरा बाईमाणसासारखं दिसू दे. मेव्हणा म्हणाला, काढू नका दाजी, हे आपलं चेकिंगचं ठिकाण. मग दर खेपेला चेकिंग. ठिगळ कोरडं, टिकली जागेवर, ओके.

सुरुवातीला सांगितला त्या रविवारनंतरच्या बुधवारी सकाळी ही गेली. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

दहावा, तेरावा झाला. पाहुणे गेले. गादी खाटेवर तशीच भरलेली. मला वाटलं मेव्हणा येईल आणि रिकामी करेल. रविवारी आला. हेल्मेट, पाइप, बाटली. मला वाटलं आता सोडेल पाणी. त्यानं सोडलं पण. आणि मग म्हणाला, "दाजी, रॉड लावा." मी बघतच राहिलो. म्हणाला, "रिकामी ठेवली की आतून रबर चिकटतं. मग फाटतं." चौदा बादल्या पाणी तापवलं. त्यानं कोपर बुडवलं. गंगेचं पाणी ओतलं. हवा काढली. ट्रायल घेतली. घोरला. उठवायला कुणी नव्हतं म्हणून पाऊण तास झोपला. मग उठून चहा प्यायला आणि गेला. असं एकदा झालं, दोनदा झालं, तीनदा झालं. खरं सांगतो, मला पण सोडवत नव्हतं. रविवार आला की मी आदल्या दिवशी बादल्या घासून ठेवायचो.

मग शेजारच्या वहिनींच्या सासूबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आणल्या, आणि डॉक्टरांनी तेच सांगितलं, पाण्याची गादी. वहिनी रविवारीच आल्या. मेव्हणा तेव्हा लाटण्यानं हवा काढत होता. दारातून मला म्हणाल्या, "काका, तुमची ती गादी आता... म्हणजे आईंना पाठीला लाल व्हायला लागलंय." मी तोंड उघडायच्या आत मेव्हणा म्हणाला, "गळती हाय तिला." वहिनींनी गादीकडे पाहिलं. चादर नव्हती, कोरडी ठाक दिसत होती. त्याच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "कुरडयांचा राग म्हातारीवर काढू नका." आणि गेल्या.

मी म्हटलं, "गळती कुठंय, दाखवा."

त्यानं ठिगळावर हात ठेवला. "इथं."

"कोरडं आहे."

"आत्ता नाय दिसत."

"पाव्हणे, ती गेली."

"मला म्हाईत हाय दाजी. खांदा दिलाय मी." मग बराच वेळ लाटणं हातात फिरवत राहिला. म्हणाला, "पाणी सोडलं तर मग रविवारी मी इथं कशाच्या नावानं यायचं?"

मी रोखठोक माणूस आहे. म्हटलं, "चहाला या."

"चहा कोण करणार?"

"मी."

"तुमचा चहा तोंडात धरायला नको वाटतो," तो म्हणाला, आणि पाइप घेऊन खाली बसला. टोक तोंडात धरलं. त्या दिवशी पाणी आलं तरी त्यानं तोंड काढलं नाही, एक घोट नाही, दोन घोट गेले असतील. 'चांगलं हाय' पण म्हणाला नाही. पाणी मोगऱ्यात जात राहिलं. कुंडी भरली, वाहिली, आणि ते पाणी पुन्हा वहिनींच्या दारात गेलं. या वेळी कुणी ओरडलं नाही. गादी हळूहळू खाली बसली. मी एका टोकाला, तो एका टोकाला, चादर पिळावी तसं उरलेलं काढलं. आत चिकटू नये म्हणून पावडर लागते. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि हिच्या आरशापुढचा डबा उचलला. अर्धा डबा गादीच्या तोंडातून आत ओतला. सगळ्या घरात वास सुटला. मग तो हेल्मेट घालून निघून गेला. गादी मी खाटेवरच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी सात वाजता दारात स्कूटर. त्यानं माझ्याकडं बघितलं पण नाही. आत येऊन गादी उचलली, खांद्यावर टाकली आणि सरळ वहिनींच्या घरात शिरला. मी बादल्या घेऊन मागं गेलो. वहिनी ओट्याशी, आजी खुर्चीत, पाय स्टुलावर. मेव्हणा म्हणाला, "गळती काढली रात्रीतून. नरसाळं हाय का घरात?" वहिनींनी नरसाळं काढून दिलं. "खाटेवर भरायची बरं का वहिनी, खाली नाय. लोक खाली भरतात आन् मग बसतात." वहिनी म्हणाल्या, "हो, एक जण मी पाहिलाय." मी पाणी आणत राहिलो. त्यानं कोपर बुडवलं, वहिनींना पण बुडवायला लावलं. बाटली काढली, गंगेचं ओतलं. आजींनी हात जोडले. वहिनींच्या लाटण्यानं हवा काढली. वहिनींनी चहाबरोबर तळलेल्या कुरडया ठेवल्या. त्यानं एक उचलून उजेडात धरली. "ह्या त्यातल्या नव्हंत ना?" "त्यातल्याच आहेत," वहिनी म्हणाल्या, "गटारातून काढून ठेवल्या होत्या तुमच्यासाठी." त्यानं चार खाल्ल्या.

मग ट्रायल. त्यानं शर्टाच्या वरच्या बटनाला हात घातला आणि थांबला. "आज दाजी."

मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?"

"नियम हाय."

मी चपला काढल्या. खाटेच्या कडेला बसलो, आणि आडवा झालो. पाणी आधी अंगाखालून पळालं, मग सावकाश परत आलं आणि मला वर उचललं. कुशीवर वळलो तर नाकासमोर ठिगळ. टिकली जागेवर. पाणी हलत होतं ते कमी होत होत थांबलं.

"झाली का हो ट्रायल?" आजींनी विचारलं.

"थांबा आजी जरा," मेव्हणा म्हणाला. "व्हायचीय अजून."